पत्ता लिहिता येईल असा फोटो

बंद कारखाने, जुनी गोदामं, धुराडी यांचे फोटो काढायची आवड असलेल्या स्कारबरोतल्या वाचकांचे दोन प्रश्न फिरून फिरून येतात. पहिला : जागा वर्षानुवर्षं ओस पडली आहे, जाळीला भगदाड आहे, आत चिटपाखरू नाही, घटकाभर आत जाऊन फोटो काढले तर चालतं का? दुसरा : बाहेर फुटपाथवर उभं राहून फोटो काढताना वॉचमनने हटकलं, तर कॅमेरा आत ठेवावा लागतो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पहिलं उत्तर ऐकून हिरमुसणाऱ्यांना दुसऱ्याची व्याप्ती सहसा ठाऊक नसते, आणि या छंदातलं चांगलं काम बरंचसं त्या व्याप्तीतच होतं.

या छंदात कायदा पाळण्याचं कारण नुसता दंड नाही. लपून काढलेल्या फोटोला आपला पत्ता लपवावा लागतो. खाली जागेचं नाव नाही, तारीख नाही, कुठली भिंत ते नाही. उरतो तो गंज, फुटक्या काचा आणि धुळीतून येणारा उजेड. असा फोटो डेट्रॉइटचा, भोपाळचा की स्कारबरोचा हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही, आणि इमारत पाडल्यावर तो कुणाच्या उपयोगी पडत नाही. कारखान्याच्या फोटोला किंमत येते ती इथे कोण काय बनवत होतं आणि ही जागा तेव्हा कशी होती, हे त्यातून कळतं म्हणून. तेव्हा जागा निवडताना एकच कसोटी लावा : या फोटोखाली पूर्ण पत्ता आणि स्वतःचं नाव उघडपणे लिहिता येईल का? येत असेल तर पुढे जा.

याविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. ओसाड इमारतींत शिरून त्या पाहण्याच्या आधुनिक छंदाला नाव आणि शिस्त देण्यात टोरांटोचाच मोठा वाटा आहे. इथल्या जेफ चॅपमन यांनी १९९६मध्ये 'इन्फिल्ट्रेशन' हे छोटेखानी नियतकालिक सुरू केलं. जागेची नासधूस करू नये हा त्यांचा आग्रह होता, आणि या पंथातले लोक पत्ता लपवतात तोही तांब्याच्या तारा चोरणारे आणि तोडफोड करणारे तिथे पोहोचू नयेत म्हणून. हेतू चांगला आहे. पण त्यावर उपाय पत्ता कायमचा पुसणं हा नाही. पत्ता नोंदवून ठेवावा आणि जागा सुरक्षित झाल्यावर किंवा पाडल्यावर जाहीर करावा. मात्र हे करता यायला तुमचं तिथलं असणं कायदेशीर हवं.

स्कारबरोत नेमकं काय पाहायचं

ओसाड अवशेष शोधत निघालात तर इथे बहुधा निराश व्हाल. स्कारबरोचा औद्योगिक वारसा पडक्या राजवाड्यासारखा उभा नाही. तो वापरात आहे, लिंपलेला, रंगवलेला, नव्या पाट्यांखाली दडलेला. दुसऱ्या महायुद्धात एग्लिंटन अव्हेन्यूच्या दक्षिणेला, वॉर्डनजवळ, 'जीको' नावाने ओळखला जाणारा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. ३४६ एकर जमीन, १७२ इमारती, त्यांना जोडणारे जमिनीखालचे बोगदे, आणि २१ हजारांहून अधिक कामगार. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. १९४१ ते १९४५ या काळात त्यांनी सुमारे २५ कोटी ६० लाख फ्यूज आणि तत्सम भाग दारू भरून तयार केले. युद्ध संपल्यावर ही जमीन स्कारबरो टाउनशिपने घेतली आणि तिथे 'गोल्डन माइल' ही औद्योगिक वसाहत वाढली. १९५९मध्ये राणी एलिझाबेथ इथे येऊन गेली, इतकं या वसाहतीचं तेव्हा कौतुक होतं.

सिव्हिक रोड, सिनॉट रोड या भागातल्या गल्ल्यांतून फिरलात तर युद्धकाळातल्या काही बैठ्या इमारती आजही दिसतात. त्यांत छोटे धंदे चालतात. इथे नजर सावकाश फिरवा. भिंतीत जिथे विटांचा रंग जरा वेगळा आहे तिथे पूर्वी खिडकी किंवा मालाचं दार होतं. एका सरळ ओळीत आलेली खिडक्यांची उंची अचानक बदलली, तर तिथून पुढचा भाग मागाहून जोडलेला असण्याची शक्यता मोठी. दाराच्या कडेला लोखंडी कोनपट्टी अजून शाबूत असेल, तर ती हातगाड्यांच्या धक्क्यांपासून कोपरा वाचवण्यासाठी बसवलेली आहे. हे सगळं फुटपाथवरून दिसतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

हे काम आत्ताच का करायचं, हे मुंबईहून आलेल्या वाचकांना फार समजावून सांगावं लागणार नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला. गोल्डन माइलचं पहिलं स्थित्यंतरही असंच झालं : जनरल मोटर्सचा व्हॅन बनवण्याचा कारखाना १९९३मध्ये बंद झाला आणि त्या जागी दुकानं व पार्किंग आलं. दुसरं स्थित्यंतर आता सुरू आहे. नगर परिषदेने २०२०मध्ये मंजूर केलेल्या आराखड्यानुसार या पट्ट्यात उंच टॉवर यायचे आहेत. म्हणजे कारखान्यांनंतर आलेल्या त्या बैठ्या दुकानांचेही फोटो काढून ठेवायला हवेत. ती आज कुणाला सुंदर वाटत नाहीत, हे त्यांचे फोटो न काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

आतून पाहायचं असेल तर परवानगीची दारं शहरात आहेत. व्हिक्टोरिया पार्क अव्हेन्यू जिथे सरोवराला भिडतो तिथलं, १९४१मध्ये सुरू झालेलं आर. सी. हॅरिस जलशुद्धीकरण केंद्र आजही शहराला पाणी पुरवतं. बाहेरच्या हिरवळीवरून त्याची पूर्ण आकृती मिळते, आणि 'डोअर्स ओपन टोरांटो' या मे महिन्यातल्या उपक्रमात कधी कधी आतही जाता येतं. दरवर्षीची यादी वेगळी असते, ती आधी पाहा. डॉन व्हॅलीतली १८८९ची वीटभट्टी १९८४मध्ये बंद पडली, ती २०१०पासून 'एव्हरग्रीन ब्रिक वर्क्स' म्हणून लोकांसाठी खुली आहे. स्कारबरोतल्याच गिल्ड पार्कमध्ये टोरांटोत पाडलेल्या जुन्या इमारतींचे दर्शनी भाग आणून उभे केले आहेत. ते कारखान्यांचे नाहीत, पण दगड, सांधे आणि कोरीवकाम जवळून टिपण्याचा सराव करायला याहून सोयीची जागा नाही.

कायदा : मालक नसलेली जागा नसते

'ओस' आणि 'बेवारस' यांत कायदा फरक करतो. ऑन्टारियोच्या 'ट्रेसपास टु प्रॉपर्टी ॲक्ट'नुसार मनाई असलेल्या जागेत शिरणं, किंवा जा म्हटल्यावर लगेच न जाणं हा गुन्हा आहे आणि दंड दहा हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. पाटी नव्हती ही सबब चालत नाही. लोकांनी आत येऊ नये हा हेतू दिसेल अशा रीतीने जागेला कुंपण असलं, तर तेवढीच सूचना पुरेशी मानतात. मनाई तोंडीही करता येते. जागेचा ताबेदार किंवा त्याने नेमलेला माणूस अशा व्यक्तीला अटक करून पोलिसांच्या हवाली करू शकतो, हेही त्याच कायद्यात आहे.

इथपर्यंतचा मामला प्रांतिक कायद्याचा, म्हणजे चलन आणि दंडाचा. पण इमारतीच्या आत गेलात तर तो कॅनडाच्या फौजदारी संहितेपर्यंत जाऊ शकतो, आणि बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. कुलूप तोडलं नाही, उघड्या खिडकीतून गेलो, म्हणजे घरफोडी नव्हे, असा समज आहे. संहितेच्या कलम ३५०नुसार कायदेशीर कारण नसताना एखाद्या कायमच्या किंवा तात्पुरत्या वाटेने आत शिरणं हेही 'फोडून शिरणं' धरलं जाऊ शकतं. घरफोडीच्या आरोपाला पुढे गुन्हा करण्याचा हेतूही लागतो हे खरं. पण अशा शिरण्यावरून तो हेतू होता असं न्यायालयाला मानता येतं, आणि तसा तो नव्हता हे दाखवायची पाळी तुमच्यावर येते. गळ्यात कॅमेरा होता हा बचाव बहुतेकदा टिकेलही. पण तो न्यायालयात मांडावा लागणं हीच शिक्षा आहे.

पीआर, स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवर असलेल्या वाचकांनी हा परिच्छेद नीट वाचावा. निवासी नसलेल्या इमारतीत फोडून शिरण्याच्या गुन्ह्याला कमाल शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा अधिक, त्यात दोषी ठरणं हे इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३६नुसार 'गंभीर गुन्हेगारी'त मोडतं. प्रत्यक्षात नुसता दंड झाला तरी. नागरिक असलेल्या मित्राला जे साहस परवडतं ते तुम्हाला परवडत नाही. एकत्र निघालेल्या गटात सगळ्यांचे कागद सारखे नसतात, हे गटाने आधी बोलून घ्यावं. आणि कधी असा आरोप झालाच, तर दोष कबूल करण्याआधी इमिग्रेशनचं जाणणाऱ्या वकिलाला विचारा.

आता दुसरी बाजू, तुमच्या हक्कांची :

- सार्वजनिक रस्त्यावरून, फुटपाथवरून जे दिसतं त्याचा फोटो काढता येतो. इमारत खासगी आहे म्हणून तिचं दृश्य खासगी होत नाही.
- सुरक्षारक्षक तुमचा कॅमेरा हिसकावू शकत नाही आणि फोटो पुसायला लावू शकत नाही. शांतपणे सांगा की तुम्ही सार्वजनिक जागेवर आहात.
- प्लाझाचं पार्किंग सार्वजनिक वाटतं, पण ते खासगी असतं. तिथे फोटोला मनाई करता येते. जा म्हटलं की वाद न घालता फुटपाथवर या.
- रेल्वेचे रूळ आणि त्यांच्या कडेची जमीन पूर्ण वर्ज्य. तिथे केंद्राचा रेल्वे सुरक्षा कायदा लागू होतो, आणि गो ट्रेन थांबायला किती अंतर लागतं याचा अंदाज उभ्या माणसाला येत नाही.
- ड्रोन २५० ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर नोंदणी आणि वैमानिकाचं प्रमाणपत्र लागतं. शहराच्या उद्यानांतून ड्रोन उडवायला वेगळी परवानगी लागते.

परवानगी मागायची कशी

"विचारलं की नाहीच म्हणतात" हा आक्षेप अर्धा खरा आहे. "तुमच्या इमारतीचे फोटो काढू का?" एवढंच विचारलं तर नाही म्हणणं मालकाला सर्वांत सोपं जातं, कारण प्रश्न मोघम आहे आणि जोखीम त्याची. मागणी जितकी छोटी आणि नेमकी, तितकी होकाराची शक्यता जास्त.

१. माणूस शोधा. जागेवर विकासाच्या प्रस्तावाची मोठी पाटी असेल तर तिच्यावर अर्जाची माहिती असते. त्या पत्त्याची कागदपत्रं शहराच्या 'ॲप्लिकेशन इन्फर्मेशन सेंटर'वर पाहता येतात. मालकाचं नाव 'ऑनलँड' या जमीन नोंदणीच्या सेवेतून शुल्क भरून मिळतं. भाड्याने देण्याची पाटी असेल तर त्या एजंटला फोन करणं सर्वांत जलद.

२. भाडेकरूला विसरू नका. कायद्यात 'ताबेदार' म्हणजे फक्त मालक नव्हे. प्रत्यक्ष ताबा असणाराही त्यात येतो. जुन्या शेडचा एक गाळा भाड्याने घेतलेला सुतार किंवा मेकॅनिक स्वतःच्या गाळ्यात तुम्हाला बोलावू शकतो. शेजारच्या गाळ्यात मात्र त्याची परवानगी चालत नाही.

३. पत्र लेखी आणि एका पानाच्या आत ठेवा. तुम्ही कोण, कोणती इमारत, कोणता भाग, किती वेळ, किती माणसं, फोटोंचं काय करणार. एक तास, कामाच्या दिवशी, फक्त तळमजला, सोबत तुमचा माणूस असला तर उत्तमच, अशी मागणी ठेवा. मालकाला त्याच्या इमारतीचे चांगले फोटो भेट द्यायची तयारी दाखवा आणि ती पाळा.

४. जबाबदारीचा प्रश्न आधी तुम्हीच काढा. मालक जोखीममुक्तीच्या कागदावर सही मागेल किंवा विम्याचा दाखला विचारेल. सही करण्याआधी वाचा. फोटोंचे हक्क मालकाला देण्याचं कलम त्यात घुसलेलं असेल तर ते काढायला सांगा.

५. होकार लेखी घ्या आणि त्या दिवशी सोबत ठेवा. रखवालदाराला मालकाचा फोन आलेला असेलच असं नाही.

नकार आला तरी एक मधली वाट राहते : आवाराच्या आत पण इमारतीच्या बाहेरून. आत येऊ न देणारे कित्येक मालक याला हरकत घेत नाहीत.

आत गेल्यावर

परवानगी तुम्हाला कायद्यापासून वाचवते, छपरापासून नाही. स्कारबरोत ॲस्बेस्टॉसचा धोका पुस्तकी नाही. पोर्ट युनियन भागात जॉन्स-मॅनव्हिल कंपनीचा कारखाना १९४८पासून ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप बनवत होता. तिथल्या कामगारांना जडलेले आजार हा ऑन्टारियोत मोठ्या चर्चेचा विषय झाला आणि १९८०मध्ये सरकारला ॲस्बेस्टॉसवर रॉयल कमिशन नेमावं लागलं. कॅनडात ॲस्बेस्टॉसवर व्यापक बंदी आली ती २०१८च्या डिसेंबरअखेर. तेव्हा जुन्या औद्योगिक इमारतीत पाइपांवरचं पांढरं वेष्टण, छपराचे पत्रे, जमिनीच्या फरशा यांत तो असेल असंच धरून चाला. जिथे वेष्टण लोंबतं आहे किंवा भुगा पडला आहे तिथे मास्क लावून नाही, मुळीच जायचं नाही. साधा एन-९५ ॲस्बेस्टॉससाठी पुरेसा मानला जात नाही. मालकाकडे तपासणीचा अहवाल आहे का, हे आधीच विचारा. परवानगीच्या पत्रात हा प्रश्न असला की तुम्ही जबाबदार माणूस आहात हेही त्याला कळतं.

बाकीचं थोडक्यात. लाकडी जमिनीवर मध्यभागी चालू नका, तुळईच्या रेषेवरून चाला. ओल दिसली की मागे फिरा. कबुतरांच्या विष्ठेचा थर उडवू नका. तळघर, टाकी, बोगदा टाळा. जीकोच्या बोगद्यांबद्दल बरंच कुतूहल आहे, पण बंद जागेतली हवा वास न येताही जीव घेऊ शकते. एकट्याने जाऊ नका, आणि कधी परतणार हे घरी सांगून ठेवा.

उजेड, थंडी आणि भिंत

इथला हिवाळा या छंदासाठी वैरी नाही. डिसेंबरात मुंबईत भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, टोरांटोत जेमतेम २३ अंशांवर. म्हणजे दिवसभर उजेड तिरका पडतो आणि विटेचा प्रत्येक सांधा उठून दिसतो. झाडंही निष्पर्ण असतात, उन्हाळ्यात झाकलेले दर्शनी भाग मोकळे होतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. टोरांटोतल्या रस्त्यांची चौकट खऱ्या उत्तरेपासून सुमारे १७ अंश पश्चिमेकडे कललेली आहे. एग्लिंटनवरची 'दक्षिण' भिंत त्यामुळे किंचित पूर्वेकडे वळलेली असते आणि तिच्यावर हिवाळ्यात सकाळी ऊन चांगलं येतं. 'उत्तर' भिंतीला हिवाळाभर ऊन लागतच नाही. तिच्यासाठी जूनमधली संध्याकाळ राखून ठेवा.

भिंत सरळ यायला हवी असेल तर कॅमेरा वर झुकवू नका. मागे सरका, कॅमेरा भिंतीला समांतर धरा आणि वरचा जादा भाग नंतर कापा. ट्रायपॉड लावताना फुटपाथची वाट अडवू नका. बर्फाचा फोटो राखाडी येतो, तेव्हा एक स्टॉप वाढवा. बॅटरी आतल्या खिशात ठेवा. घरात शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर भिंगाच्या आत दव धरतं.

फोटो बाहेर देताना

कॅनडाच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३२.२नुसार इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध केल्याने वास्तुरचनेच्या हक्काचा भंग होत नाही. भिंतीवरच्या चित्राला ही सूट लागू नाही. सबंध दर्शनी भागात म्यूरल येणं वेगळं आणि नुसत्या म्यूरलचा फोटो छापून विकणं वेगळं. विकायचं असेल तर चित्रकाराला विचारा. आत काम करणारा माणूस ओळखू येत असेल तर त्यालाही विचारा. क्वेबेकमध्ये तर हा त्याचा हक्कच आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८चा निकाल आहे.

आणि फोटोखाली पुढच्या गोष्टी न चुकता लिहा : घर क्रमांकासह पत्ता, जवळचा चौक, तारीख, भिंत कोणत्या दिशेची, तेव्हा आत काय चालू होतं, आधी काय होतं आणि हे तुम्हाला कुठून कळलं. जुनी माहिती टोरांटो नगर अभिलेखागारात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या संग्रहात शोधता येते. जुन्या फोटोतली जागा सापडली तर त्याच कोनातून नवा फोटो घ्या. ही माहिती फाइलच्या मेटाडेटात भरा, नुसत्या फोल्डरच्या नावात नको. इमारत शहराच्या वारसा नोंदवहीत आहे का हेही पाहा. २०२२च्या कायद्याने या नोंदवहीतल्या, पण पूर्ण संरक्षण न मिळालेल्या इमारतींना मुदत घालून दिली, आणि ती नंतर १ जानेवारी २०२७पर्यंत वाढवली. त्या यादीतल्या स्कारबरोच्या औद्योगिक इमारती शोधा आणि कामाला सुरुवात तिथून करा.